एमआरआयच्या अहवालात मेंदूच्या पांढऱ्या भागातील बदल आढळल्यास घरच्यांनी काय करावे

सत्तरीच्या आसपासच्या आईवडिलांचा मेंदूचा एमआरआय काही ना काही कारणाने निघतोच. कधी चक्कर येते म्हणून, कधी विसरणे वाढले म्हणून. अहवालाच्या शेवटी ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ किंवा ‘व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज’ असे शब्द आढळतात, म्हणजे बारीक धमन्यांचा रक्तपुरवठा घटल्याने मेंदूच्या पांढऱ्या भागात झालेले बदल. त्यानंतर एक तर ‘वयोमानाने असे व्हायचेच’ असे म्हणून फाइल कपाटात जाते, नाही तर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालाच असे धरून सारे घर हवालदिल होते. या दोन्हींत खरे काम मागे पडते, आणि ते काम बऱ्याच अंशी घरातच, रक्तदाबाच्या यंत्राने आणि एका साध्या वहीने होण्यासारखे आहे.

मेंदूचा बाहेरचा करडा थर मुख्यतः चेतापेशींचा असतो, तर आतला पांढरा भाग त्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तंतूंचा असतो. विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे आवरण असते तसे या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या लांब आणि अतिशय बारीक असतात. वर्षानुवर्षे चढलेला रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांमुळे त्यांच्या भिंती जाड व ताठ होतात, रक्तपुरवठा तोकडा पडतो आणि मायलिन झिजू लागते. एमआरआयच्या फ्लेअर नावाच्या प्रतिमेत ही झीज शुभ्र ठिपक्यांच्या किंवा पट्ट्यांच्या रूपात दिसते.

पहिली पायरी : बदल किती आहेत ते विचारा

‘बदल आहेत’ एवढ्या माहितीला फारसा अर्थ नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ६० ते ९० वर्षांच्या नागरिकांची तपासणी झाली, तेव्हा असे बदल मुळीच नसलेले लोक अवघे ५ टक्के निघाले. म्हणून प्रश्न तीव्रतेचा असतो. तीव्रता मोजण्यासाठी १९८७ पासून फाझेकास श्रेणी वापरली जाते. शून्य म्हणजे बदल नाहीत, एक म्हणजे सुटे ठिपके, दोन म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळू लागलेले आणि तीन म्हणजे मोठे, सलग पट्टे. अहवालात श्रेणी लिहिलेली नसेल तर न्यूरॉलॉजिस्टना प्रतिमा दाखवून ती विचारून घ्यावी. युरोपातील लाडिस या अभ्यासात स्वतःचे व्यवहार स्वतः करणाऱ्या ज्येष्ठांचा तीन वर्षे पाठपुरावा केला गेला. सौम्य बदल असलेल्या गटात परावलंबित्व किंवा मृत्यूचे वार्षिक प्रमाण सुमारे साडेदहा टक्के होते, तर तीव्र बदल असलेल्यांत ते साडेएकोणतीस टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे श्रेणी एक आणि श्रेणी तीन यांना एकाच तराजूत तोलणे चुकीचे आहे.

त्याच भेटीत आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : जुने छोटे पक्षाघात, म्हणजे लॅक्यून, आहेत का, सूक्ष्म रक्तस्राव दिसतात का, आणि स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस आक्रसला आहे का. वय पन्नाशीच्या आत असेल, किंवा रक्तदाब व मधुमेह काहीच नसताना बदल मोठे असतील, तर मल्टिपल स्क्लेरोसिस (शरीराची प्रतिकारशक्तीच मायलिनवर उलटते तो आजार), बारीक धमन्यांचा कॅडॅसिलसारखा आनुवंशिक आजार अशी वेगळी कारणे शोधावी लागतात.

दुसरी पायरी : प्रतिमेपेक्षा माणसाकडे पाहा

डिमेन्शियाचे निदान एमआरआयवरून होत नाही. रोजचे व्यवहार ढासळले आहेत का, यावरून होते. दोन आठवडे एक वही ठेवावी आणि तारीख घालून, निष्कर्ष न काढता, फक्त घडले ते लिहावे.

पांढऱ्या भागाच्या झिजेत बहुधा विसरण्याच्या आधी मंदपणा येतो. प्रश्न कळतो, उत्तरही बरोबर येते, पण यायला वेळ लागतो. एकात एक गुंतलेली कामे जड जातात. आयुष्यभर स्वयंपाकघर सांभाळलेली आई एकेक पदार्थ नीट करते. पण कुकर लावलेला आहे, कढईत फोडणी आहे आणि तेवढ्यात दार वाजले, तर तिचा सारा क्रम विस्कटतो आणि फोडणी करपते. वडिलांना पासबुक वाचता येते, पण वीजबिल, औषधे आणि गॅसचा नंबर यांची सांगड घालता येत नाही. विसरण्याची तऱ्हाही पाहावी. ‘काल कोण आले होते?’ याला उत्तर येत नाही, पण ‘मावशी की काका?’ असे विचारताच नाव आठवते, ही बारीक धमन्यांच्या आजारात वारंवार दिसणारी गोष्ट आहे. अल्झायमरमध्ये असे पर्याय सुचवण्याचा बहुधा उपयोग होत नाही, कारण आठवण नीट साठवलेलीच नसते. मात्र उतारवयात हे दोन्ही आजार पुष्कळदा एकत्र नांदतात, तेव्हा या फरकावरून घरच्या घरी निदान करू नये.

माझ्या मते सर्वांत अन्याय होतो तो उदासीनतेच्या बाबतीत. माणूस वर्तमानपत्र मांडीवर घेऊन तासभर पान न उलटता बसतो, अंघोळीला चार वेळा सांगावे लागते, आणि घरात त्याला आळशी, हट्टी ठरवले जाते. कामाला हात घालण्याची प्रेरणा ज्या तंतुमार्गांतून येते तेच झिजलेले असतात. बोलणी लावून ती परत येत नाही; काम सुरू करून द्यावे लागते. साबण-टॉवेल ठेवून, हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेले की पुढचे ते स्वतः करतात. याच्या जोडीला नैराश्यही असू शकते आणि त्यावर उपचार असतात, म्हणून झोप, भूक व रडू येणे याही नोंदी ठेवाव्यात.

चाल पाहायला विसरू नये. पावले आखूड पडतात का, पाय फाकवून चालतात का, वळताना अडखळतात का आणि लघवीला एकदम घाई होते का, हे लिहावे. चाल, लघवी आणि बुद्धी या तिन्ही गोष्टी बिघडलेल्या असून मेंदूतील पोकळ्याही मोठ्या दिसत असतील, तर नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसची (मेंदूतील पोकळ्यांत पाणी साठण्याच्या आजाराची) शक्यता डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावी, कारण त्यावर काही रुग्णांत शस्त्रक्रियेने फरक पडतो.

तिसरी पायरी : चाचण्या

वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा मेमरी क्लिनिकमध्ये जावे. मोका ही स्मृती, लक्ष व नियोजन तपासणारी ३० गुणांची चाचणी मराठीतही उपलब्ध आहे. घड्याळ काढणे, आकडे व अक्षरे आळीपाळीने जोडणे असे प्रश्न तिच्यात असल्यामुळे नियोजनातील अडचण तिच्यात बरी पकडली जाते. रुग्णाचे शिक्षण किती ते आधीच सांगावे, नाही तर कमी शिकलेल्या व्यक्तीवर विनाकारण शिक्का बसतो. रक्ताच्या तपासण्यांत बी१२, थायरॉइड, सोडियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि कोलेस्टेरॉल असावेत. बी१२ ची कमतरता महाराष्ट्रात, विशेषतः शाकाहारी घरांत, फार आढळते आणि पुण्यातील संशोधकांनी ती अनेक वर्षे अभ्यासली आहे. ही कमतरता स्वतःच मायलिनची हानी करते आणि ती भरून काढता येते.

चौथी पायरी : रक्तदाब

सगळ्यांत जास्त फळ देणारी पायरी ही आहे, आणि हेळसांड होते तीही हिचीच. अमेरिकेतील स्प्रिंट माइंड या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य असलेल्या गटात, १४० चे लक्ष्य असलेल्या गटाच्या तुलनेत, सौम्य बौद्धिक घसरणीचा धोका सुमारे १९ टक्के कमी झाला. पांढऱ्या भागातील डागांचे आकारमानही सुमारे चार वर्षांत कमी वाढले : ०.९२ घन सेंटिमीटर, तर दुसऱ्या गटात १.४५. डिमेन्शियातील घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाली नाही, आणि मधुमेही रुग्ण या चाचणीत नव्हते. म्हणून १२० हा आकडा परस्पर ठरवू नये. लक्ष्य डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

दंडाला बांधायचे डिजिटल यंत्र घ्यावे, मनगटाचे नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी व तंबाखू टाळावी, लघवी करून यावे आणि पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. दंड उघडा, हृदयाच्या पातळीवर असावा आणि मोजताना कोणी बोलू नये. सकाळी औषधाआधी दोनदा व संध्याकाळी दोनदा, मध्ये एकेक मिनिट सोडून, सात दिवस मोजावे. पहिल्या दिवसाचे आकडे वगळून सरासरी काढावी. घरी ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर रक्तदाब वाढलेला समजतात. शिवाय एकदा उभे राहिल्यानंतर एक व तीन मिनिटांनी मोजावे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ते लगेच कळवावे, कारण अशा माणसाचे औषध वाढवले तर तो रात्री उठताना कोसळतो.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आमटीतले मीठ चिमूटभर घटवून लोणचे, पापड, फरसाण तसेच चालू ठेवले तर काहीच साधत नाही. तंबाखू आणि मशेरी पूर्ण बंद करावी.

पाचवी पायरी : औषधांची पिशवी तपासून घ्या

घरातली सगळी औषधे, आयुर्वेदिक आणि दुकानातून परस्पर आणलेलीही, एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवावीत. सर्दीच्या व झोपेच्या काही गोळ्या, अमिट्रिप्टिलिन (नैराश्य व नसांच्या दुखण्यावरची गोळी) आणि लघवीची घाई थांबवणारी काही औषधे वृद्धांत गोंधळ वाढवतात. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी सोडियम उतरू शकते. केवळ एमआरआयमध्ये डाग दिसले म्हणून ॲस्पिरिन सुरू करू नये. पक्षाघात किंवा हृदयविकार झालेला नसताना तिचा फायदा दिसलेला नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. ज्यांना ती आधीपासून योग्य कारणासाठी दिलेली आहे, त्यांनी ती परस्पर बंदही करू नये.

सहावी पायरी : रोजचा दिवस

रोज चालणे, कानाला कमी ऐकू येत असल्यास श्रवणयंत्र, घोरणे फार असल्यास झोपेची तपासणी आणि माणसांत मिसळणे, हे सारे हवेच. घरात पायपुसणी व सुटे गालिचे काढावेत, न्हाणीघरात धरायला दांडा बसवावा आणि रात्री मंद दिवा ठेवावा. कामे एका वेळी एकच सांगावीत, आणि उत्तरासाठी मनात सावकाश दहा आकडे मोजण्याइतके थांबावे. पुष्कळदा उत्तर त्या थांबण्यातच येते. बँकेतील वारस नोंद व इच्छापत्र समज शाबूत असतानाच, त्यांच्या मनाप्रमाणे करून घ्यावे. आधारासाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ उपलब्ध आहेत.

अचानक बिघडल्यास

ही झीज बहुधा महिन्या-वर्षांच्या गतीने वाढते. एक-दोन दिवसांत माणूस बरळू लागला किंवा ओळखेनासा झाला, तर ‘आजार वाढला’ असे म्हणून थांबू नये. लघवीतील संसर्ग, सोडियमची घट, पाणी कमी पडणे किंवा नवी गोळी अशी कारणे त्याच दिवशी शोधावी लागतात. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे म्हणजे पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे. रुग्ण शेवटी कधी ठीक दिसला ती वेळ, औषधांची यादी आणि जुना एमआरआय सोबत न्यावा.