प्रत्यय लावण्याआधी: सामान्यरूप बिनचूक कसे काढावे

'फूलाला', 'बहीणीला', 'लोकाना'. या तिन्ही ठिकाणी प्रत्यय बरोबर आहे. बिघडले आहे ते सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे होणारे रूप.

आधी शब्दाचे लिंग आणि शेवटचा स्वर पाहा. पुल्लिंगी 'घोडा'चे 'घोड्या-' होते, स्त्रीलिंगी 'शाळा'चे 'शाळे-'. शेवटी 'आ' दोन्हीकडे आहे, पण लिंगाने रूप पालटले. नपुंसकलिंगी 'तळे' 'तळ्या-' होते, 'घर' 'घरा-'. फसवतात ते 'वाट', 'भिंत' असे अकारान्त, म्हणजे शेवटी 'अ' असलेले, स्त्रीलिंगी शब्द. त्यांचे अनेकवचन करून बघा: 'वाटा' असे आकारान्त झाले तर सामान्यरूप 'वाटे-', 'भिंती' असे ईकारान्त झाले तर 'भिंती-'.

मग उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे अक्षर. लिहिताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मराठी शब्दातली दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व होते: फूल–फुलाला, दीर–दिराला, बहीण–बहिणीला. शब्द तीन अक्षरी असून पहिले अक्षर दीर्घ असेल तर ई-ऊ जाऊन तिथे 'अ' येतो: लाकूड–लाकडाला, बेरीज–बेरजेत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र हलत नाहीत: दीप–दीपाला, शरीर–शरीराला. म्हणजे 'दिराला' ऱ्हस्व आणि 'दीपाला' दीर्घ. इथे कानावर भिस्त ठेवू नका, शब्द कुठून आला ते बघा. 'माळी'चे 'माळ्याला' पण 'कवी'चे 'कवीला', याचेही कारण तेच: 'कवी' संस्कृतातून आलेला.

जाता जाता: मधल्या 'क' किंवा 'प'चे द्वित्व जाते. रक्कम–रकमेचा, छप्पर–छपरावर.

अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार हवाच: लोकांना, झाडांखाली. आदरार्थी अनेकवचनातही: आजोबांनी. पुढे 'ना' किंवा 'नी' असला की तो वेगळा ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना गळतो. शंका आली तर 'चा' लावून म्हणा. 'लोकांचा' म्हणताना अनुस्वार स्पष्ट उमटतो.

नामामागचे विशेषण आकारान्त असेल तर तेही बदलते: मोठा दगड–मोठ्या दगडाला. 'उंच', 'लाल' तसेच राहतात. आणि शब्दयोगी अव्यय तोडू नका: 'घरा समोर' नव्हे, 'घरासमोर'.