परदेशात इंग्रजी शिकवायला निघालात? बडोद्यातच या चुका टाळा

परदेशात शिक्षकाचं बस्तान बसलं नाही की सगळा दोष घरच्या ओढीवर जातो. बरेचदा मूळ इथेच असतं: घाईत केलेली कागदपत्रं, न तपासलेले उच्चार आणि वर्गाबद्दलच्या आपल्या सवयी. पुढची माहिती मुख्यतः थायलंड डोळ्यांपुढे ठेवून दिली आहे.

पदवी लॅमिनेट करणं. आपल्याकडे प्रमाणपत्र हातात आलं की पहिल्यांदा लॅमिनेशनचं दुकान गाठतात. पण प्रमाणीकरणाचे शिक्के मूळ कागदाच्या मागच्या बाजूवर पडतात, आणि प्लास्टिकवर ते चालत नाहीत. लॅमिनेशन घरी सोलायला जाऊ नका, शाई सुटते; विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागवा. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची (एमएसयू) पदवी असेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र नको, दीक्षान्ताचंच काढून घ्या. आधी राज्य पातळीवरची तपासणी, मग परराष्ट्र मंत्रालय. जपान किंवा दक्षिण कोरियासाठी मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात मान्य होणारं प्रमाणीकरण, पुरतं. संयुक्त अरब अमिरातीसाठी दूतावासाचाही शिक्का लागतो. जपानला जाणाऱ्यांकडे साधारणपणे बारा वर्षं इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा पुरावा मागतात, तेव्हा मराठी किंवा गुजराती माध्यमातून शिकलेल्यांनी अर्जाआधीच विचारून घ्यावं.

नावातला फरक. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी; त्यात लग्नानंतर बदललेलं नाव. सगळ्या कागदांवर अक्षरं जुळत नसतील तर राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. पोलीस क्लिअरन्सचा अर्ज पासपोर्ट सेवा केंद्रातून होतो, तोही पासपोर्टवर जसं आहे त्याच नावाने.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन 'तिथे गेल्यावर बघू' म्हणणं. थायलंडमध्ये शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो आणि वर्क परमिट वेगळं. हा व्हिसा सुरुवातीला 90 दिवसांचा असतो. परमिट झाल्यावर तो वाढवून मिळतो. मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांकडून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत किमान 600 गुण सर्रास मागतात. मुदतवाढ मिळाल्यावर सुटीत घरी यायचं असेल तर निघण्याआधी री-एन्ट्री परमिट काढा, नाहीतर विमान सुटताच व्हिसा संपतो. नोकरी बदलताना आधीची शाळा परमिट कधी रद्द करणार ती तारीख लेखी घ्या. मुक्कामाची परवानगीही त्याच दिवशी संपते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला 500 बाथ दंड.

उच्चार 'चालतील' असं धरून बसणं. इंग्रजी उत्तम येणाऱ्यांचीही इथे फजिती होते, म्हणून जास्त वेळ इथेच द्या. 'पेन', 'टेन', 'केक' म्हणताना आपला पहिला व्यंजनध्वनी हवेशिवाय निघतो. इंग्रजीत तिथे हवेचा झोत असतो. थाई भाषेतही झोताचा आणि बिनझोताचा 'प' हे वेगवेगळे ध्वनी आहेत, त्यामुळे मुलांना फरक लगेच ऐकू येतो आणि ती तुमचीच नक्कल करतात. ओठांपासून चार बोटांवर कागदाची पातळ पट्टी धरा. 'पेन' म्हणताना ती हलली पाहिजे, 'स्पिन' म्हणताना जवळजवळ नाही. रोज दहा मिनिटं पुरेत. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' आपण एकसारखे म्हणतो: पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, दुसऱ्याला ओठ गोल करा, दात लागू देऊ नका. 'प्रीपोन', 'पास आऊट' आपल्याकडे चालतात, शिकवताना टाळा.

'समजलं का?' विचारणं. सगळा वर्ग मान डोलावतो आणि वहीत काहीच नसतं. चाळीस-पन्नास मुलांसमोर चुकून लाज नको म्हणून ती गप्प बसतात. आधी सगळ्यांनी एकत्र म्हणायचं, मग जोडीने, शेवटी एकट्याने. प्रश्न निवडीचा ठेवा: 'काल की उद्या?' चूक चारचौघांत दाखवू नका, जवळ जाऊन हळू सांगा.

शाबासकी म्हणून डोक्यावरून हात फिरवणं हा आपला जिव्हाळा, पण थायलंडमध्ये डोकं पवित्र मानतात. तिथे हात लावू नका, पावलं कुणाकडे करून बसू नका. सकाळी आठला राष्ट्रगीत लागलं की जिथे असाल तिथे स्तब्ध उभे राहा.

शाकाहार गृहीत धरणं. भाजीतही फिश सॉस आणि ऑयस्टर सॉस असतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत 'जे' (थाई लिपीत เจ) लिहिलेल्या ठेल्यावर मासळी-मांस नसतं, कांदा-लसूणही नसतो. बँकॉकच्या फाहुरात भागात डाळी-मसाले मिळतात, तेव्हा बॅगेत मेतकूट आणि भाजणी पुरे. अमिरातीला निघाला असाल तर गोड्या मसाल्यात खसखस आहे का ते घरी विचारा. तिथे ती बंदी असलेल्या वस्तूंत मोडते.

पहिल्या पगारापर्यंतचा खर्च न मोजणं. खोलीसाठी साधारण दोन महिन्यांची अनामत आणि एका महिन्याचं आगाऊ भाडं लागतं, पगार मात्र महिनाअखेरीला. त्यावर महिनाभराचं जेवण-प्रवास धरून रक्कम हाताशी ठेवा. नोकरीसाठी देश सोडल्यावर इथलं साधं बचत खातं तसंच चालवू नका, बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं, करून घ्या. आई-वडिलांना पैसे पाठवणं त्याने थांबत नाही.