बाळाचं खेळणं 'रिकॉल' झालं, तर घरी काय करायचं?

खेळणं बाजारातून परत मागवल्याची बातमी बहुतेकदा व्हॉट्सअ‍ॅपवर येते. ती पुढे पाठवण्याआधी घरात एवढं करा.

१. खेळणं लगेच उचला. शहानिशा नंतर. ते बाळाचं नसून ताईदादाचं असलं तरीही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत टार्गेटच्या दुकानांत विकलेले 'चकल अँड रोअर' वॉटर बीड्सचे सुमारे ५२,००० संच परत मागवले गेले. हे मणी पाण्यात टाकले की फुगतात, आणि गिळले तर पोटातही फुगतात. असले संच विकले जातात मोठ्या मुलांसाठी. जीव गेला तो दहा महिन्यांच्या बाळाचा. आपल्याकडे फुलदाणीत घालायला हेच मणी सर्रास मिळतात. रांगतं बाळ असेल तर घरात नकोतच.

२. नंबर जुळवा. रिकॉल सहसा ठरावीक मॉडेलचा किंवा बॅचचा असतो. नंबर खेळण्याच्या तळाशी, बॅटरीच्या झाकणावर किंवा कापडी टॅगवर सापडतो. खोका गेला असेल तर ऑनलाइन ऑर्डर उघडा. आत्या-मामांनी अमेरिकेतून आणलेलं असेल तर तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची यादी बघा, युरोपातलं असेल तर 'सेफ्टी गेट'ची.

३. फोटो काढा आणि कंपनीला कळवा. लगेच फेकू नका. पैसे परत देण्याआधी काही कंपन्या खेळणं कापून त्याचा फोटो मागतात. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. धोकादायक वस्तू परत मागवून ग्राहकांचे पैसे परत देण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०१९ च्या कायद्याखाली देऊ शकतं.

आणि कृपा करून ते कामाच्या मावशींच्या नातवाला देऊ नका. 'चांगलंच तर आहे, एवढाच एक भाग निघतो' म्हणत ही खेळणी घरोघर फिरतात.

४. बाकीची टोपली तपासा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारा भाग धोक्याचा. घरी टिश्यू रोलची पुठ्ठ्याची नळी घ्या. ती थोडी रुंद असते, म्हणजे चाचणी जास्त कडक, आणि ते बरंच. बाहुलीचे डोळे, गाडीची चाकं, खुळखुळ्याचं टोक जोर लावून ओढून बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्याखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर पडताळता येतो. जत्रेतल्या फुग्यावाल्याकडे हे कुठून असणार? तिथे नळी आणि आपला हात.

५. घशात अडकलंच तर: बाळ जोरात खोकत, रडत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल, तर वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा द्या. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून. दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. दुसऱ्याला तोवर १०८ लावायला सांगा.