मे महिन्यातले पुणे : सकाळी शहर, दुपारी पुस्तक

सुट्टीत मुलांनी वाचावे असे वाटणारे पालक एप्रिलच्या अखेरीस बहुधा एकदम दहा-बारा पुस्तके विकत आणतात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा त्यांतली दोन अर्धवट वाचलेली असतात आणि बाकीची कपाटात कोरी पडून असतात. आमच्या घरी सलग दोन वर्षे असेच झाले. तिसऱ्या वर्षी आम्ही पुस्तके कमी केली आणि शहरातली ठिकाणे व घरातले वाचन यांची सांगड घातली. पर्वतीवर जायचे असेल तर पेशव्यांविषयीचे एखादे सोपे पुस्तक आदल्या दिवशी अर्धे वाचायचे आणि उरलेले अर्धे पर्वती उतरून आल्यावर. ‘वाच’ म्हणून मागे लागण्याची वेळ त्या सुट्टीत जवळजवळ आलीच नाही. पुढे जे सांगितले आहे ते पुण्यापुरते आहे आणि साधारण सहा ते बारा वर्षांच्या मुलांना धरून आहे.

पहिली गोष्ट वेळेची. पुण्यात मे महिन्यात दुपारी पारा अडतीस-चाळीस अंशांपर्यंत सहज चढतो, पण सकाळ आणि संध्याकाळ अजूनही सुखाची असते. त्यामुळे उघड्यावरची भटकंती सकाळी साडेसहा ते साडेनऊ या वेळेत उरकावी, एक ते चार हा वेळ घरात पडदे ओढून वाचनासाठी ठेवावा आणि संध्याकाळ खेळण्यासाठी मोकळी सोडावी. आठवड्यातून दोनच सकाळी बाहेर पडावे. सुट्टीतला प्रत्येक दिवस सत्कारणी लावण्याचा हट्ट धरला की तिसऱ्या आठवड्यात मुले आणि पालक दोघेही कंटाळतात. मुलांना काहीच न करता लोळत पडण्याचे दिवसही हवे असतात आणि पुस्तक आपणहून हातात घेतले जाते ते अशाच दिवशी.

पुस्तके विकत घेण्याआधी जवळच्या ग्रंथालयात मुलाच्या नावाने खाते उघडावे. पुण्यात ही सोय फार जुनी आहे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, तर नारायण पेठेतले पुणे मराठी ग्रंथालय १९११ सालचे. याशिवाय उपनगरांतूनही लहानमोठी वाचनालये आहेत. साधारणपणे महिन्याची वर्गणी आणि खाते बंद केल्यावर परत मिळणारी अनामत रक्कम एवढाच खर्च येतो. कार्ड मुलाच्या हातात द्यावे आणि पुस्तक बदलायला त्यालाच काउंटरवर उभे करावे. आमच्याकडे नियम असा आहे की एका खेपेला दोन पुस्तके आणायची, एक मुलाच्या आवडीचे आणि एक आमच्या. त्याच्या निवडीवर नाक मुरडायचे नाही, मग ते चौथ्यांदा आणलेले विनोदी चुटक्यांचे पुस्तक का असेना. आणि वीस पाने वाचूनही रस वाटला नाही तर पुस्तक मध्येच सोडण्याची मुभा मुलांना द्यावी. मोठी माणसे ही मुभा स्वतःला सर्रास घेतात आणि मुलांना मात्र नाकारतात.

घरात पुस्तके नसली तरी अडत नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. पालकांनी स्वतःच्या लहानपणीचा एखादा अंक शोधून मुलांसमोर उघडला तर निम्मे काम तिथेच होते, कारण ‘हे तू माझ्याएवढी असताना वाचलंस?’ या प्रश्नानंतर मूल तो अंक खाली ठेवत नाही. विकतच घ्यायची असतील तर अप्पा बळवंत चौकात मुलांना घेऊन जावे, पण शाळेची पुस्तके घेणाऱ्यांची गर्दी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात.

आता इंग्रजी माध्यमातल्या मुलांविषयी थोडे सविस्तर, कारण पुण्यातल्या बहुतेक घरांत खरी अडचण हीच आहे. ही मुले मराठी अस्खलित बोलतात, पण छापलेले मराठी पान समोर आले की जोडाक्षरांपाशी अडखळतात आणि आठ वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलाचे पुस्तक वाचण्याची लाज वाटते. अशा मुलांच्या हाती थेट पुस्तक देण्यापेक्षा पंधरा दिवस त्यांना शहर वाचू द्यावे. पीएमपीच्या बसवरची पाटी, मेट्रो स्थानकांची नावे, दुकानांचे फलक, आणि अर्थातच जुन्या पुण्यातल्या वाड्यांच्या दारांवरच्या त्या सुप्रसिद्ध खोचक सूचना. ‘येथे वाहन लावू नये’ पासून सुरू होऊन पुढे चार ओळी वाढत जाणारी पाटी वाचण्यासाठी मूल स्वतःहून धडपडते, कारण शेवटी काहीतरी टोमणा असणार हे त्याला ठाऊक असते. सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या पेठा पुण्यात आहेत. एका सकाळी त्यांतल्या किती पेठांच्या पाट्या सापडतात ते मोजायला सांगावे. त्यानंतर घरी रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन करावे, एक परिच्छेद आपण आणि एक मुलाने, आणि तो अडखळला तर शब्द लगेच सांगून पुढे जावे. दुरुस्त्या करत बसले की गोष्ट हातची जाते.

भटकंतीची सुरुवात पर्वतीपासून करावी असे मला वाटते, कारण तिथे चढण्याचा पराक्रमही आहे आणि गोष्टही. टेकडीवरचे देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधले. पायऱ्या शंभराहून थोड्याच जास्त आहेत. माझ्या मुलाने त्या पहिल्यांदा मोजल्या तेव्हा एकशे एक भरल्या आणि उतरताना एकशे चार. मंदिराबाहेर बसलेल्या एका आजोबांनी आकडा एकशे तीन असल्याचे ठणकावून सांगितले, तरी त्याचे समाधान झाले नाही आणि पुढच्या रविवारी आम्हाला केवळ मोजणी पक्की करण्यासाठी पुन्हा जावे लागले. वरून साऱ्या शहराचा देखावा दिसतो. तिथे उभे राहून मुलांना खालची सारसबाग दाखवावी आणि विचारावे की आजूबाजूला मोठे तळे दिसत नसताना तिथल्या गणपतीला ‘तळ्यातला गणपती’ का म्हणतात. उत्तर आपण देऊ नये. खाली उतरून, देवळाभोवतीची खोलगट जमीन पाहून, एखादे मूल बरोबर ओळखते की आज बाग आहे तिथे पूर्वी पाणी होते. हे तळे नानासाहेबांच्याच काळात करवले गेले आणि गणपतीचे देऊळ त्यातल्या बेटावर होते. दहा वर्षांपुढच्या मुलांना हेही सांगावे की पानिपतच्या पराभवानंतर पाचच महिन्यांनी, जून १७६१ मध्ये, नानासाहेबांचा मृत्यू याच पर्वतीवर झाला. दुपारी पानिपतवरचे प्रकरण उघडले की ते मग निव्वळ धड्यासारखे वाटत नाही.

शनिवारवाड्याला जाण्यापूर्वी मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी, ती म्हणजे आत वाडा नाही. १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला आणि आज तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद एवढेच उरले आहे. चित्रपटातला झगमगाट डोळ्यांपुढे ठेवून आलेली मुले उन्हात नुसते दगडी चौथरे पाहून हिरमुसतात. त्याऐवजी अर्धा तास केवळ दिल्ली दरवाजापाशी घालवावा. दारावरचे अणकुचीदार खिळे एवढ्या उंचीवर का आहेत, हे विचारावे. दरवाजाला धडक देणाऱ्या हत्तीच्या कपाळाची उंची लक्षात आली की मुलांच्या डोळ्यांपुढे लढाई उभी राहते. आत सावली अगदी कमी आहे, त्यामुळे ऊन चढल्यावर थांबू नये.

उन्हातून सुटका हवी असेल तर जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर लेणे उत्तम. आठव्या शतकाच्या सुमाराचे हे मंदिर रस्त्याच्या पातळीखाली एकाच खडकात कोरलेले आहे आणि भर मे महिन्यातही आतला दगड तळपायांना गार लागतो. समोरचा गोल नंदीमंडप, मागच्या बाजूचे अर्धवट राहिलेले काम, हे दाखवताना ‘इथे एकही दगड बाहेरून आणून रचलेला नाही, नको असलेला तेवढा काढून टाकला आहे’ एवढे एक वाक्य पुरे होते. आवारातल्या झाडांखाली बसून एखादी छोटी गोष्ट वाचता येते, फक्त देवळाची शांतता राखावी.

दहा वाजल्यानंतर बाहेर राहायचेच असेल तर छप्पर असलेली जागा हवी, आणि त्यासाठी शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारखी दुसरी जागा नाही. इथे मुलांची सर्वांत मोठी गैरसमजूत नावापासूनच होते, कारण हा राजा म्हणजे कुणी संस्थानिक नव्हे. दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या लहानपणीच वारलेल्या मुलाचे, राजाचे, नाव या संग्रहाला दिले. सुमारे १९२० पासून त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या वस्तू वीस हजारांहून अधिक आहेत आणि पुढे त्यांनी हा सारा ठेवा महाराष्ट्र शासनाला दिला. एकाच माणसाने, एकेक करत, हे जमवले ही गोष्ट काड्यापेट्या आणि तिकिटे साठवणाऱ्या मुलांना मोठ्या माणसांपेक्षा लवकर कळते.

मात्र संग्रहालय पूर्ण पाहण्याचा प्रयत्न करू नये. तिथे दालनांमागून दालने आहेत आणि तिसऱ्या दालनात पाय दुखू लागतात. आम्ही प्रत्येक मुलाला एकच काम देतो : एक वस्तू निवडायची, तिच्यासमोर बसून तिचे चित्र काढायचे आणि तिचे नाव लिहून आणायचे. माझ्या भाचीने गेल्या खेपेस अडकित्ता निवडला. घरात सुपारी खाणारे कुणी उरलेले नसल्याने ही पितळी कात्री कशासाठी, हे तिला कळेना. दोन बाहुल्यांनी एकमेकींना टाळी द्यावी तशी तिची दोन टोके जुळतात, असे तिने चित्राखाली लिहिले होते. संध्याकाळी आजीने तबकातला चुना, कात, सुपारी, लवंग असे सगळे एकेक करून सांगितले आणि त्या एका चित्रातून आठ-दहा नवे शब्द घरात आले. त्यानंतर आठवड्याने जुन्या काळातली एक गोष्ट वाचताना ‘पानाचे तबक’ हे शब्द आले, तेव्हा तिने वाचन थांबवून ‘हे मला माहीत आहे’ असे जाहीर केले. वही, पेन्सिल आणि खोडरबर न विसरता न्यावे. फोटो काढला की मूल वस्तूकडे पाहणे थांबवते.

कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय मुलांना सांगावे लागत नाही. ते बुधवारी बंद असते हे लक्षात ठेवावे आणि दार उघडण्याच्या वेळेलाच पोहोचावे, कारण ऊन चढल्यावर वाघ सावलीत जाऊन झोपतात आणि मुले रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत राहतात. सापांसाठी वेळ राखून ठेवावा, आणि जाण्याआधी विषारी व बिनविषारी सापांवरचे एखादे चित्रमय पुस्तक घरात असावे. येरवड्याजवळचा आगाखान पॅलेस मात्र दहा वर्षांखालच्या मुलांना घाईने दाखवू नये. गांधीजींना १९४२ मध्ये तिथे स्थानबद्ध केले होते, आणि त्या काळात महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा यांचे तिथेच निधन झाले. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. एवढी पार्श्वभूमी आधी वाचलेली नसेल तर मुलांच्या लेखी ती केवळ एक मोठी बाग राहते.

गोष्टीतला पुणेकरही सोबतीला घेता येतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मूळचा फुरसुंगीचा, तेव्हा पुण्याचा नकाशा जमिनीवर पसरून फुरसुंगी कुठे आहे, तिथून सायकलने शहरात यायला कुठला रस्ता, हे शोधण्यात एक दुपार छान जाते.

सामानात प्रत्येकाची पाण्याची वेगळी बाटली, टोपी, काकडीच्या फोडी, गूळपोळी किंवा दशमी आणि ओला रुमाल एवढे पुरते. घरून कोकम सरबत किंवा पन्हे नेल्यास उत्तम. बाहेर उसाचा रस घ्यायचाच असेल तर बिनबर्फाचा घ्यावा. पेठांमध्ये गाडी नेण्याचा विचारही करू नये. सप्टेंबर २०२४ पासून मंडई आणि स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो आली आहे, आणि जमिनीखालून जाणारी गाडी हीच अर्ध्या मुलांसाठी मुख्य सहल असते.

एक चूक मात्र आमच्याकडून झाली ती सांगायला हवी. भटकंती सुरू केली त्या पहिल्या वर्षी प्रत्येक फेरीनंतर ‘मी पाहिलेले ठिकाण’ असे दहा ओळींचे लिखाण मुलांकडून करून घेण्याचा नेम आम्ही केला. दुसऱ्या आठवड्यात मुलाने विचारले, ‘लिहायचं नसेल तर मी घरी थांबू का?’ तेव्हापासून लिखाण बंद आहे. आता फ्रीजवर एक कागद लावलेला असतो. वाटेल त्याने वाटेल तेव्हा त्यावर पुस्तकाचे किंवा ठिकाणाचे नाव लिहावे, हवे तर शेजारी एखादा शब्द. गेल्या वर्षीच्या कागदावर पर्वतीपुढे तीन वेगवेगळे आकडे आहेत आणि तिन्ही खोडलेले नाहीत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की संध्याकाळी टेकडीवर जाताना आभाळाकडे लक्ष ठेवावे आणि गडगडाट ऐकू येताच खाली उतरावे. ग्रंथालयाची पुस्तके शाळा उघडण्याच्या आधीच परत करावीत, नाहीतर दंडाची पावती आणि दप्तराची खरेदी एकाच दिवशी येते.