ग्राइंडर दोन पावलांवर: घरी कातकामाची खोली लावताना

घरात कातकाम, म्हणजे फिरतं लाकूड हत्याराने कापून बाउल वगैरे घडवणं, सुरू करायचं म्हटलं की पहिला विचार लेथच्या, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या यंत्राच्या, जागेचा होतो. माझं सांगणं आहे, आधी ग्राइंडरची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या मशीनची, जागा ठरवा. माझी खोली १० फूट बाय ८ फूट आहे आणि ११ वर्षांत ती मी तीनदा मोडून नव्याने लावली. पहिल्यांदा मोडली ती ग्राइंडरमुळेच.

तेव्हा ग्राइंडर गॅलरीत होता. त्याच्या ठिणग्या उडतात, म्हणून तो भुशापासून लांब बरा, असा सरळ विचार केला होता. पण दर वेळी फेस शील्ड काढायचं, दार उघडायचं, वायर ओढायची. मग 'एवढा भाग उरकते, मग धार लावते' असं होऊ लागलं. बोथट गाऊज (कातायचं खोलगट पात्याचं हत्यार) कापत नाही, घासतो. घासतो म्हणून आपण जोर लावतो, आणि जोर लावला की कधीतरी धारेचा नको तो कोपरा लाकडात रुततो. असाच एकदा रुतला आणि ९ इंची बाउल चकमधून, म्हणजे लाकूड धरणाऱ्या जबड्यांमधून, निसटून भिंतीवर आदळला. लेथ मिनिटाला ९०० फेऱ्यांवर होता. त्या वेगाला ९ इंची बाउलची कड ताशी सुमारे ३९ किलोमीटरने पळत असते. तोंडावर शील्ड होतं आणि मी बाउलच्या रेषेत उभी नव्हते, म्हणून इजा झाली नाही. त्याच रात्री ग्राइंडर आत आणला.

आता तो लेथच्या टेलस्टॉककडच्या, म्हणजे उजव्या, टोकापासून दोन पावलांवर आहे. ठिणग्यांची काळजी खरीच होती, म्हणून त्याच्याखाली आणि मागे पत्रा ठोकला आहे आणि भोवतालची तीन फूट जमीन मी कायम झाडलेली ठेवते. धूळ ओढणारं मशीन धार लावताना बंद म्हणजे बंद. त्याच्या पिशवीत बारीक भुसा असतो आणि एखादी ठिणगी आत ओढली गेली तर ती तिथे धुमसत राहते.

ग्राइंडर ८ इंची आणि सावकाश फिरणारा घ्या, मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांचा. नेहमीचा याच्या दुप्पट वेगाने फिरतो. त्यावरही धार लागते, पण शिकणाऱ्याच्या हातून हत्यार भराभर झिजतं. चाक पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचं, ८० ग्रिटचं. नवं चाक बसवण्याआधी ते बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर चाक चांगलं, बद्द आवाज आला तर आत तडा आहे, ते वापरू नका. बसवल्यावर पहिलं मिनिटभर बाजूला उभं राहून नुसतं फिरू द्या.

धार मुक्त हाताने लावणारे लोक आहेत आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण सुरुवातीला जिग, म्हणजे हत्यार ठरावीक कोनात धरणारा साचा, घ्याच. दर वेळी तोच कोन आला तर धार लावायला अर्धं मिनिट लागतं आणि पोलादही कमी जातं. माझ्या बाउल गाऊजचा कोन ५५ अंश आहे, लांब, बारीक कामाच्या स्पिंडल गाऊजचा ४०, खरवडायच्या स्क्रेपरचा ७५ च्या आसपास. जिगपासून हत्यार किती पुढे काढायचं यासाठी ग्राइंडरच्या टेबलावर लाकडाचे ठोकळे कायमचे स्क्रूने बसवले आहेत, त्यांवर हत्याराचं नाव लिहिलेलं. कोन बरोबर जुळला का हे बघायला मार्करने धारेचा उतार रंगवा, चाकाला क्षणभर टेकवा आणि शाई कुठे गेली ते पाहा. ती सगळ्या उतारावरून सारखी पुसली गेली पाहिजे.

हत्यारं हायस्पीड स्टीलची असतील तर टोक निळं पडलं म्हणून घाबरू नका, आणि ते पाण्यात बुडवू नका. एकदम गार झाल्याने धारेला बारीक तडे जाऊ शकतात. साध्या कार्बन स्टीलचं मात्र निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला, तिथली धार मग टिकत नाही.

आता लेथ. घरच्या खोलीला १२ इंची स्विंगचा, म्हणजे १२ इंच व्यासापर्यंतचं लाकूड फिरेल असा, टेबलावर बसणारा लेथ पुरतो. त्याच्या डावीकडे, हेडस्टॉकच्या (लाकूड फिरवणाऱ्या भागाच्या) मागे, दीड फूट जागा सोडा. ड्राइव्ह सेंटर (लाकडात रुतून ते फिरवणारं टोक) बाहेर ढकलण्याची लांब सळई तिथून आत जाते, आणि भिंतीला चिकटवून लेथ ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी कळतं. उजवीकडे याहून जास्त जागा लागते, कारण बाउल आतून कोरताना गाऊजची लांब मूठ मोठ्या कोनातून फिरते. मागची भिंत फूटभर लांब ठेवा, नाहीतर ढलप्या अडकून राहतात आणि झाडू पोचत नाही.

लाकूड सुटलं तर ते अक्षाच्या काटकोनात उडतं. चकच्या जागेतून भिंतीपर्यंत, छतापर्यंत मनात एक पट्टा आखा. त्या पट्ट्यात खिडकीची काच नको, ट्यूबलाइट नको आणि दार तर नकोच. माझं दार आधी नेमकं त्या पट्ट्यात यायचं. दुसऱ्यांदा खोली मोडली ती यासाठी. आता लेथवर उभं राहिलं की आत येणारा माणूस मला आधी दिसतो. बंद करायचं बटणही असं हवं की तिथवर हात नेताना फिरत्या लाकडासमोरून जावं लागू नये. मी मॅग्नेट असलेली बटणाची डबी टेलस्टॉकच्या बाजूला, मांडीच्या उंचीवर चिकटवली आहे. वीज जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होणार नाही, असाच स्विच असू द्या.

उंचीबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण तिने माझा वर्षभर छळ केला. मी ५ फूट १ इंच आहे. लेथसोबत आलेल्या स्टँडवर स्पिंडलचं, म्हणजे फिरत्या दांड्याचं, सेंटर जमिनीपासून ४३ इंचांवर येत होतं आणि माझं कोपर आहे साडेअडतीस इंचांवर. खांदे सतत उचललेले, मान आखडलेली. मला वाटायचं, कातकाम म्हणजे दुखणारच. मग उभं राहायला फळ्यांचा ओटा केला, पण मागे सरकताना त्याच्या कडेवरून पाय घसरायचा. शेवटी स्टँडचे पाय कापले. तुम्ही असं करा: नेहमी घालता ती चप्पल किंवा बूट घालून सरळ उभे राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा. स्पिंडलचं केंद्र तेवढ्यावर किंवा इंच-दोन इंच वर आणा. खोलीत दोघं काम करणार असाल तर उंच माणसाप्रमाणे लेथ लावा आणि बुटक्यासाठी पूर्ण रुंदीचा, कुठेही कड न येणारा ओटा करा.

स्टँड हलका असतो आणि ओबडधोबड लाकूड त्याला नाचवतं. खालच्या फळीवर वाळूच्या १५ किलोच्या सहा पिशव्या रचल्या आणि थरथर जवळजवळ थांबली. चारही पाय जमिनीला टेकलेत ना, हे मात्र वाळू भरण्याआधी बघा.

उजेड दोन बाजूंनी हवा: एक दिवा वरून आणि दुसरा वाकणाऱ्या दांड्यावर, पृष्ठभागाला तिरका प्रकाश टाकणारा. तिरक्या प्रकाशात ओरखडे दिसतात, समोरच्या प्रकाशात लपतात. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली लेथ चालवू नका. ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चौकोनी ठोकळा दोन लुकलुकींच्या मध्ये बरोबर पाव फेरी फिरतो, म्हणजे दर वेळी तो डोळ्यांना त्याच जागी दिसतो. फिरता ठोकळा थांबल्यासारखा वाटतो आणि हात पुढे जातो.

हत्यारं किती घ्यायची? पाच. जाड काम करायचा रफिंग गाऊज, स्पिंडल गाऊज, बाउल गाऊज, पार्टिंग टूल (खाच पाडून तुकडा वेगळा करणारं) आणि गोल स्क्रेपर. स्क्यू, म्हणजे तिरक्या धारेची पटाशी, सुंदर हत्यार आहे, पण ते सहा महिन्यांनी घ्या. रफिंग गाऊज बाउलवर कधीच चालवायचा नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहून लावा. मुठीत जाणारं त्याचं शेपूट बारीक असतं आणि बाउलच्या लाकडातल्या आडव्या रेषांवर ते मोडू शकतं. सेट विकणारे हे क्वचित सांगतात.

ही हत्यारं लेथच्या मागच्या भिंतीवर टांगलेली छान दिसतात. तसं करू नका, घ्यायला फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागतो. माझी उजवीकडे आहेत, लेथ आणि ग्राइंडरच्या मध्ये, दोन इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांत. मूठ खाली, धार वर, सगळी भिंतीकडे कललेली. पाइपचं बूड बंद करू नका, आडवी पट्टी पुरते. बंद पाइप आठवड्याभरात ढलप्यांनी भरतो आणि हत्यार बसेनासं होतं. मुठींना वेगवेगळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या की ढिगाऱ्यातूनही हवं ते हत्यार ओळखू येतं.

चकच्या किल्लीला एकच जागा. माझी हेडस्टॉकवरच्या चुंबकाला चिकटलेली असते, आणि ती तिथे दिसल्याशिवाय मी बटण दाबत नाही. चक आणि स्पिंडल यांच्या मध्ये पातळ प्लास्टिकची चकती घाला, म्हणजे चक जाम होत नाही. चक धरणारी लाकडाची खुंटी ६ ते ८ मिलिमीटर खोल असली की भागतं, पण ती चकच्या तळाला टेकता कामा नये. पकड खुंटीच्या बाजूंवर आणि जबड्यांच्या तोंडावर टेकलेल्या, खुंटीभोवतीच्या लाकडाच्या खांद्यावर असते.

वेगाचा एक आकडा भिंतीवर लिहा: इंचांतला व्यास गुणिले मिनिटाच्या फेऱ्या, उत्तर ६००० ते ९००० च्या मध्ये. १० इंचाचा बाउल म्हणजे ६०० ते ९००. हे गोल आणि तोल साधलेल्या लाकडासाठी आहे. ओबडधोबड ठोकळा सगळ्यात कमी वेगावर सुरू करा, आधी हाताने एक पूर्ण फेरी फिरवून टूल रेस्टला (हत्यार टेकवायच्या पट्टीला) कुठे लागत नाही ना ते बघून.

धुळीने माझी तिसरी मांडणी घडवली. ढलप्या त्रासदायक दिसतात, पण त्या जमिनीवर पडतात आणि गोळा होतात. खरी भीती पॉलिश पेपरने घासताना उडणाऱ्या बारीक धुळीची आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही आणि तासन्‌तास हवेत राहते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकली. शिसवीसारख्या लाकडाच्या धुळीने अंगावर पुरळही उठतं. म्हणून धूळ ओढणाऱ्या नळीचं रुंद तोंड घासकामाच्या अगदी मागे, चार-पाच इंचांवर आणा. समोर बाहेर हवा टाकणारा पंखा लावा. नाकावर घट्ट बसणारा मास्क घासताना तर हवाच, पण काम थांबल्यावरही अर्धा तास तो काढू नका. घासताना टूल रेस्ट काढून ठेवा आणि कापड बोटाला गुंडाळू नका. पॉलिश करायला कागदी रुमाल घ्या, तो अडकला तर फाटतो, बोट ओढत नाही. हातमोजे, सैल बाह्या, गळ्यातली साखळी, मोकळे केस यांतलं काहीच लेथजवळ नको. मी अंगठीही दाराबाहेर काढून ठेवते.

लाकडाचा साठा कोरड्या, सावलीच्या भिंतीला. ओला ओंडका आला की त्याच दिवशी दोन्ही तोंडांना मेण लावा आणि गाभ्यातून उभा चिरा, नाहीतर आठवड्यात तडे जातात. बाउलचं ओलं लाकूड आधी जाड कातून ठेवा, भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी: १० इंचाच्या बाउलला १ इंच. मग त्याच्यावर पेन्सिलने तारीख, लाकडाचं नाव आणि वजन लिहून ते कागदी पिशवीत घाला. महिन्यातून एकदा वजन करा. सलग दोन-तीन वेळा तेच वजन भरलं की लाकूड वाळलं. तोवर ते अंडाकृती झालेलं असतं, त्यासाठीच जाडी ठेवलेली असते. सागाने धार लवकर जाते, त्यात सिलिका असते. अशा दिवशी ग्राइंडरकडे दोन पावलं किती वेळा जाते ते मोजायला हवं.

शेवटचं काम तेलाच्या चिंध्यांचं. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. चिंधी चुरगळून टाकली तर ही उष्णता बाहेर पडत नाही, आणि ती काडी न लावता पेटू शकते. गॅलरीत, जिथे पूर्वी ग्राइंडर होता, तिथे मी एक दोरी बांधली आहे. काम संपलं की चिंध्या तिच्यावर एकेक सुट्या पसरते आणि पुठ्ठ्यासारख्या कडक झाल्यावरच टाकते.