कासव आणि मासे एकाच टाकीत ठेवताय? मग या चुका टाळा

कासव आणि मासे एकत्र राहूच शकत नाहीत असं काही नाही, राहतात, वर्षानुवर्षं राहतात. पण जिथे फिसकटतं तिथे बहुतेक वेळा एकच गोष्ट झालेली असते, टाकी माशांची असते आणि त्यात नंतर कासव आणून सोडलेलं असतं. हे उलटं पाहिजे. टाकी कासवाची, त्याच्या मापाची, त्याला पेलेल असा फिल्टर आणि त्याच्या उन्हाची सोय असलेली, आणि मग जागा उरलीच तर मासे. खालच्या बऱ्याच चुका या एकाच चुकीतून येतात.

पिल्लू बघून टाकी ठरवणं

पेट शॉपमध्ये सगळ्यात जास्त दिसतं ते रेड इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू, तेव्हा ते जेमतेम ३ सेंटीमीटरचं असतं आणि तळहातावर मावतं म्हणून लोक छोटी टाकी घेतात. हीच मादी मोठी झाली की २५ ते ३० सेंटीमीटरची होते, नर जरा लहान राहतो, आणि नीट सांभाळलं तर २० ते ३० वर्षं जगतं. कासववाल्यांचा सोपा हिशोब आहे, कवचाच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी. म्हणजे १० इंची कासवाला ४०० लिटर, आणि यात मासे धरलेलेच नाहीत. आता दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी काठोकाठ भरली तरी ५६ लिटरच पाणी मावतं, त्यात कासव आणि मासे दोघंही कोंबले तर माशांना पळायला जागा उरत नाही आणि पाणी दोन दिवसांत नासतं.

"मासे मरतायत पण कासव एकदम ठणठणीत आहे"

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, आणि इथे लोक कासवावर आळ घेतात की यानेच काहीतरी केलं असणार. चावल्याची खूण नसेल तर आधी पाणी तपासा. कासव खातं भरपूर, हगतं भरपूर, खाताना अन्नाचे तुकडे करून अर्धं पाण्यात पसरवतं, आणि या सगळ्याचा अमोनिया होतो. कासवाला फुप्फुसं आहेत, ते नाक वर काढून हवेतून श्वास घेतं, त्यामुळे अमोनिया वाढला तरी बरेच दिवस त्याच्याकडे बघून काहीच कळत नाही. माशाचं तसं नाही, त्याचे कल्ले चोवीस तास त्याच पाण्यात, ते भाजल्यासारखे लाल होतात, मासा वर येऊन तोंड उघडंमिट करायला लागतो, पर अंगाला चिकटवून कोपऱ्यात पडून राहतो आणि मग एक एक करून जातात. म्हणून कासव मजेत आहे म्हणजे पाणी चांगलं आहे असं कधीच धरू नका. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय हाही पुरावा नाही, अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

टेस्ट किट घ्याच. अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या आत, एवढं बघायचं (टाकीतले चांगले बॅक्टेरिया अमोनियाचं आधी नायट्राईट आणि मग नायट्रेट करतात). पाण्याचा पीएच आणि तापमान जितकं जास्त तितका तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो, त्यामुळे गरमीच्या दिवसांत जास्त लक्ष ठेवा. कल्ले तपकिरी दिसायला लागले तर नायट्राईटचा संशय घ्या.

अमोनिया सापडला तर घाबरून सगळं पाणी उपसून टाकी घासूनपुसून काढू नका, त्याने चांगले बॅक्टेरियाही जातात आणि आगीतून फुफाट्यात पडता. तीस-चाळीस टक्के पाणी बदला, नवीन पाणी त्याच तापमानाचं आणि अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध) घातलेलं असू द्या (क्लोरीन कासव एकवेळ सहन करतं, मासे नाही करत), एक दिवस कोणालाच खायला देऊ नका, दगडांच्या मागे आणि फिल्टरच्या खाली उरलंसुरलं अन्न किंवा मेलेला मासा अडकलाय का ते हात घालून बघा, आणि दुसऱ्या दिवशी परत टेस्ट करा. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात नुसता पिळून घ्यायचा. आणि फिल्टर घेताना बॉक्सवर जेवढ्या लिटरसाठी लिहिलंय ते माशांच्या हिशोबाने असतं, कासव असेल तर टाकीच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचाच घ्या. नवीन टाकी सायकल व्हायला, म्हणजे तिच्यात हे चांगले बॅक्टेरिया पुरेसे वाढायला, साधारण चार ते सहा आठवडे जातात, तेवढा धीर धरा, मग प्राणी सोडा.

दिसायला सुंदर मासा निवडणं

कासव शिकार कशी करतं हे एकदा शांत बसून बघा. मागे मागे पळत नाही, तळाशी दगडासारखं बसून राहतं, मान आत, आणि मासा डोक्यासमोरून गेला की मान झटक्यात बाहेर. ज्याची शेपटी लांब आणि चाल संथ तो पहिला सापडतो, म्हणून फॅन्सी गोल्डफिश, बेट्टा, एंजल हे नकोच. गोल्डफिशचा अजून एक त्रास आहे, त्याच्या अंगात थायमिनेज असतं जे व्हिटॅमिन बी-१ मोडून टाकतं, कासव तेच खात राहिलं तर त्याला कमतरता होते, त्यामुळे "खाल्ले तर खाल्ले, त्याचं खाद्यच आहे" असं म्हणून गोल्डफिश सोडणं चूक. काच साफ करायला म्हणून प्लेको टाकतात, त्याच्या परांना काटे असतात, गिळायला गेलं तर घशात अडकतात, आणि तो कधीकधी कासवाच्या कवचालाही चिकटतो. भांडखोर सिक्लिड टाकलात तर उलटंच होतं, छोट्या कासवाच्या पायाच्या बोटांना आणि शेपटीला तेच चावतात.

त्यातल्या त्यात चालतात ते चपळ, झुंडीने राहणारे डॅनिओ, बार्ब असले, आणि लपायला अशा फटी ज्यात मासा जाईल पण कासवाचं डोकं जाणार नाही. फटी मात्र नीट बघा, कासव कशाखाली अडकलं आणि वर येता आलं नाही तर तेही बुडून मरतं. पोट भरलेलं कासव मासे धरत नाही यावर विसंबू नका, समोर हललं की धरतं, आणि पिल्लं तर मोठ्यांपेक्षा जास्त मांसाहारी असतात. ज्या माशात जीव गुंतलाय तो या टाकीत नको. स्नॅपिंग टर्टल किंवा सॉफ्टशेल जातीचं कासव असेल तर मासे ठेवायचा विचारच सोडा.

मासे बारीक होत चालले असतील तर खाणं कासव पळवतंय. कासवाला पाणी भरलेल्या वेगळ्या टबमध्ये खायला द्या, पाण्याशिवाय त्याला गिळता येत नाही. याने टाकीतली घाणही कमी होते. काही कासवं उचलल्यावर खूप बावरतात, त्यांना टाकीच्याच एका कोपऱ्यात द्या आणि माशांना त्याच वेळी दुसऱ्या टोकाला.

काठोकाठ भरलेली टाकी

माशांच्या सवयीने टाकी वरपर्यंत भरतात आणि कासवाला पूर्ण कोरडं होऊन बसायला जागाच नसते. त्याला चढता येईल असा प्लॅटफॉर्म हवा, तिथे ३० ते ३५ डिग्री, पाणी २४ ते २७ डिग्री, आणि वर यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालत नाही, काच यूव्हीबी अडवते. दिवा पेटतोय म्हणजे यूव्हीबी येतोय असंही नाही, सहा महिने ते वर्षभरात तो कमी होतो, बदलावा लागतो. कवच मऊ लागलं तर कॅल्शियम आणि यूव्हीबीकडे बघा. एका बाजूला कलून पोहत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, तोंड उघडून श्वास घेत असेल तर न्यूमोनियाची शक्यता असते, घरगुती उपाय करत बसू नका, सरळ सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा व्हेट गाठा. काचेचा हीटर कासव धडक देऊन फोडतं, त्याला गार्ड लावा.

बाकी छोटी खडी नको, कासव गिळतं आणि आतडं अडकतं, त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे ठेवा नाहीतर तळ मोकळाच बरा. माशांचं औषध कासव आत असताना टाकीत टाकू नका, आजारी मासा बाहेर काढून वेगळ्या पाण्यात औषध द्या. नवीन मासे तीन-चार आठवडे वेगळे ठेवूनच सोडा. टाकीत हात घातला की साबणाने धुवा, धडधाकट दिसणाऱ्या कासवातही साल्मोनेला असू शकतो, घरात लहान मूल असेल तर हे अजिबात विसरू नका.

आणि जमत नाही म्हणून कासव तळ्यात किंवा नदीत सोडू नका, कृपा करून. रेड इअर्ड स्लायडर जगातल्या सगळ्यात घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे, जिथे पडतं तिथल्या मूळ कासवांची जागा आणि खाणं बळकावतं. एखाद्या माशाची शेपटी कुरतडलेली दिसली की थांबू नका, त्याच दिवशी मासे दुसरीकडे हलवा. मध्ये जाळी लावून टाकी दोन भागांत करायला जाल तर कासवाची जागा निम्मी होते, त्यापेक्षा माशांना छोटी वेगळी टाकी करणं सोपं पडतं.