गालिसियाबाहेर राहून गाइता शिकायची, तर आधी काख

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गालिसियाची बॅगपाइप म्हणजे गाइता. वाद्य ‘दो’ (म्हणजे C) पट्टीचं घ्या, बहुतेक धडे त्याच पट्टीत असतात. बोटं बंद पद्धतीने ठेवायची की उघड्या, हे शिकवणाऱ्यावर सोडा. दोन्हींची खिचडी मात्र करू नका.

आता काखेत धरायची पिशवी, म्हणजे फोल. ‘फुंकत राहा, हात आपोआप बसेल’ असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. मी लागलो आणि वर्षभर माझी प्रत्येक धून दर श्वासाला शिंकत होती. घोटाळा असा होतो: फुंकताना हातही दाबत राहतो, सूर चढतो. श्वास घ्यायला थांबलो की हात उशिरा जागा होतो, सूर पडतो. फुंकताना हात सैल सोडायचा, श्वास घेताना दाबायचा, आणि ही अदलाबदल रीडला, म्हणजे नळीतल्या सूर काढणाऱ्या पातीला, कळता कामा नये.

म्हणून पुंतेइरो, म्हणजे बोटांची नळी, काढा आणि तिच्या जागी बूच लावा. खांद्यावरचा रोन्को, म्हणजे सलग सुराची लांब नळी, एकटाच वाजू द्या. तो मूळ स्वराच्या दोन सप्तकं खाली एकच सूर धरून असतो. समोर ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं यंत्र, ठेवा, रोज दहा मिनिटं, धून अजिबात नको. काटा थरथरायचा थांबला की पुंतेइरो लावून नुसता ‘दो’ धरा. जुळलं तर आवाज गुळगुळीत. दाब ढळला की वँव-वँव अशा लाटा ऐकू येतात. कान त्या लाटांवर ठेवा, काट्यावर नको. आणि श्वास तालाच्या ठोक्यावर घेऊ नका. मुइन्येइरा, म्हणजे गालिसियाची नाचाची धून, ६/८ तालातली; ठोक्याला हात दाबलात तर प्रत्येक ठोक्याला सूर उचकतो.

ऑनलाइन शिकवणीत एक फसवणूक आहे. व्हिडिओ कॉलमधलं आवाज स्वच्छ करणारं फिल्टर सलग सुराला पंख्याची घरघर समजतं आणि रोन्को गिळून टाकतं. माझ्या शिक्षकांनी कित्येक आठवडे माझा रोन्को ऐकलाच नव्हता, आणि मी मात्र शाबासकी घेत होतो. ते फिल्टर बंद करा किंवा ध्वनिमुद्रण करून पाठवा. कॉलवर एकत्र वाजवायच्या भानगडीत पडू नका, आवाज उशिराच पोहोचतो.

धुना नाचाच्या चित्रफिती बघून, कानाने उचला.

पुंतेइरोची रीड एकटी मागवू नका, दोन मागवा आणि आळीपाळीने वाजवत ठेवा. कोरी रीड कडक असते. ऐन वेळी लावली की काखेने शिकलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून.